परण्यातला नाच आणि ‘अलबेला’

वाचकहो, वैशाखातली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. गाव परभणी जिल्ह्यातलं कुठलंही घ्या; जिंतूर घ्या, सेलू घ्या, मानवत घ्या. उन्हं कलली आहेत, धुरळा उडतो आहे आणि नवरदेवाचा परण्या मारोतीच्या देवळाकडे निघाला आहे. पुढे बँडवाले, मधे नाचणारी पोरं, मागे घोड्यावर नवरदेव. पोरांच्या उड्या मघापासून चालूच आहेत. इतक्यात क्लॅरिनेटवाला एक जुनी चाल धरतो आणि काय आश्चर्य! इतका वेळ कडेकडेनं, उपरण्यानं घाम पुसत चालणारे नवरदेवाचे मामा एकदम रिंगणात शिरतात. मामा उड्या मारीत नाहीत. त्या वयात त्यांना त्या झेपणारही नाहीत. ते गुडघे किंचित वाकवतात, कोपरं अंगाशी धरतात, खांदे हलकेच डोलवतात, आणि दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे असे मजेत झुलत राहतात. चेहऱ्यावर हसू असं, की बघणाऱ्यालाही हसू यावं. बायका पदर तोंडाला लावतात आणि पोरं बाजूला सरून मामांना जागा करून देतात.

मामांना विचारा, “मामा, हा नाच कुठं शिकलात हो?” ते म्हणतील, “शिकायचं काय त्यात? आपोआप येतो.”

आपोआप येतो हे खरं. पण त्याला एक जन्मदाता आहे, आणि एक जन्मसालही आहे. साल १९५१, बोलपटाचे नाव ‘अलबेला’, आणि नाचणाऱ्याचे नाव भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. हा बोलपट हिंदी खरा. पण तो काढणारा, त्यात नाचणारा आणि त्याला चाली देणारा ही सगळी मराठी माणसं. हसतखेळत, गात-नाचत गोष्ट सांगणारा हा प्रकार अमेरिकेत हॉलिवूडमध्ये भरभराटीस आला. तो आपल्याकडे येऊन आपल्या मामांच्या पायांत कसा शिरला, तेच आज थोडं उलगडून पाहू.

आधी तिकडची गोष्ट. १९२७ साली अमेरिकेत ‘द जाझ सिंगर’ आला आणि मुका पडदा बोलू लागला. नुसता बोलू नव्हे, गाऊही लागला. मग तिथल्या चित्रसंस्थांपुढे एक प्रश्न पडला. चांगला शहाणासुरता माणूस बोलता बोलता मधेच गायला लागला, तर प्रेक्षक म्हणणार, “याला झालं तरी काय?” यावर त्यांनी एक नामी युक्ती काढली. गोष्टच नाटक मंडळीची घ्यायची! नायक नट, नायिका नर्तकी; त्यांच्या तालमी चालल्या आहेत, रंगमंचावर खेळ चालला आहे. म्हणजे गाण्याला नि नाचाला आयतंच निमित्त. १९३३ साली वॉर्नर ब्रदर्सचा ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’ आला, तो याच धाटणीचा. मुख्य नटी ऐन वेळी जायबंदी होते आणि घोळक्यात नाचणाऱ्या एका साध्या मुलीला तिच्या जागी उभं करतात. तिकडे ते दिवस भयंकर मंदीचे, लाखो लोकांच्या हातांना काम नाही. अशा वेळी कोपऱ्यातल्या मुलीचं नशीब एका रात्रीत उजळतं, ही गोष्ट लोकांना किती गोड वाटली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

या प्रकारात पुढे मोठमोठे नर्तक झाले. १९३५ सालच्या ‘टॉप हॅट’मधला फ्रेड अ‍ॅस्टेअर पाहा. शेपटीचा काळा कोट, उंच टोपी, आणि पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी इतका हलका. त्याचा एक हट्ट होता. मी नाचत असताना कॅमेऱ्याने मला डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दाखवला पाहिजे; मधेच नुसते पाय, मधेच नुसता चेहरा असले तुकडे करायचे नाहीत. का, तर नाच सगळ्या शरीराचा असतो. दुसरा जीन केली. १९५२ सालच्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये तो भर पावसात, डबक्यांत पाय आपटीत नाचतो. पाहताना वाटतं, किती सहज! पण ते दृश्य घेतलं तेव्हा त्याच्या अंगात सडकून ताप होता. या बोलपटाची गोष्टही मुके चित्रपट बोलके होतानाच्या धांदलीची. म्हणजे या प्रकारानं आपलाच जन्म कसा झाला, ते हसत हसत सांगितलं.

पण या सहजपणामागे केवढा कारखाना होता! मेट्रो-गोल्डविन-मेयर, आर. के. ओ., वॉर्नर ब्रदर्स या संस्था म्हणजे नुसत्या इमारती नव्हत्या. नट, नर्तक, वादक, शिंपी, रंगारी, नाच बसवणारे असे सगळे त्यांच्या पदरी करारानं बांधलेले असत. सकाळी गिरणीत जावं तसं हे लोक स्टुडिओत जात.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला गाण्यासाठी निमित्त शोधायची गरज कधी पडलीच नाही. ज्या गंगाखेडची जनाबाई, त्या मुलखात दळताना, कांडताना गाणं व्हायचंच. कीर्तनकार बोलता बोलता गातो, कोणी त्याला विचारत नाही, “बुवा, मधेच का गाता?” आपलं संगीत नाटक घ्या, नाहीतर तमाशा घ्या. गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम तुम्हांला ठाऊकच आहे. त्यात सोंगाड्या येतो, हजरजबाबीपणानं हसवतो आणि हसवता हसवता कोणाची तरी फजिती करून एखादं कडू सत्य सांगून जातो. नाच, गाणं, विनोद आणि गोष्ट यांची भट्टी आपल्या घरी पूर्वापार लागलेलीच होती. म्हणून १९३१ साली ‘आलम आरा’ने हिंदी पडदा बोलका केला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी, तेव्हा दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून गाणी होती. त्याबद्दल कोणाला नवल वाटलं नाही. नसती तर वाटलं असतं!

मग हॉलिवूडकडून आपण घेतलं तरी काय? तर घेतला तो ताल, ती वाद्यं, तो झगमगाट. आणि ते घेणारी दोन माणसं अगदी आपल्यातली होती.

पहिले भगवानदादा. जन्म १९१३ चा, अमरावतीचा. वडील मुंबईत कापडगिरणीतले कामगार. भगवान स्वतःही आधी मजुरीच करीत. कुस्तीचा नाद, अंगानं आडवे, चेहरा वाटोळा. राजबिंडा म्हणावा असा हा गडी नव्हे. मुक्या चित्रपटांत बारीकसारीक कामं करीत करीत ते शिकले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्या जोडीनं त्यांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला, आणि पुढची दहा-अकरा वर्षं थोड्या पैशांत मारामारीचे बोलपट काढीत राहिले. गिरणगावातला, दिवसभर राबून आलेला माणूस हे बोलपट आवडीनं पाही. शहाणेसुरते लोक नाक मुरडीत. १९४२ साली ते निर्माते झाले, १९४७ साली चेंबूरला त्यांनी ‘जागृती’ स्टुडिओ उभारला. नंतर राज कपूर यांनी त्यांना सल्ला दिला, की आता मारामारी पुरे, एखादा सामाजिक बोलपट काढा. भगवानदादांनी तो मानला आणि ‘अलबेला’ आकाराला आला.

दुसरे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. जन्म १९१८ चा, गोदाकाठच्या पुणतांब्याचा. तीच गोदावरी पुढे आपल्या परभणी जिल्ह्यात येते. गाण्याचं शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडे झालेलं. म्हणजे पाया अस्सल हिंदुस्थानी रागदारीचा. पण कान चौफेर उघडे. १९४७ सालच्या ‘शहनाई’त रविवारच्या भेटीचं ते खोडकर गाणं त्यांनी पाश्चात्त्य तालावर बांधलं आणि सगळा देश ते गुणगुणू लागला. भगवानदादांशी त्यांचा स्नेह जुना. दोघेही नवखे होते तेव्हापासूनचा.

आणि या दोघांच्या मागे उभे होते गोव्याचे वादक. त्यांना विसरून चालणार नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी नि वाद्यं शिकवीत. तिथे तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतून जाझ वाजवीत आणि दिवसा बोलपटांच्या वाद्यवृंदात बसत. त्यांतला एक बहाद्दर ट्रंपेटवादक म्हणजे हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत. ‘अलबेला’त तो नुसता ऐकू येत नाही, दिसतोही, झालरीचे अंगरखे घातलेला त्याचा बँड एका गाण्यात पडद्यावरच वाजवतो. सी. रामचंद्रांची चाल, राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, लतादीदींचा आवाज, आणि भगवानदादांसाठी खुद्द संगीतकाराचाच, ‘चितळकर’ या नावाने गायलेला आवाज. पुणतांबं, हळदोणं आणि गिरणगाव यांचा असा संगम झाला!

आता गोष्ट ऐका. प्यारेलाल हा एका गरीब घरातला मुलगा. घरात बहिणीच्या लग्नाची चिंता आणि याच्या डोक्यात मात्र रंगभूमीचं वेड. बापाला हे थेर पसंत नाही. भांडण होतं, आणि नावलौकिक मिळवल्याशिवाय घरी तोंड दाखवणार नाही, असं म्हणून प्यारेलाल घराबाहेर पडतो. आपल्याकडे म्हण आहे ना, “बनी तो बनी, नहीं तो परभणी”? जमलं तर ठीक, नाहीतर परत आपली परभणी आहेच! पण प्यारेलालला परतीची वाटच उरलेली नाही. पुढे त्याला आशा ही नटी भेटते, म्हणजे गीता बाली. तिच्या आधारानं तो रंगमंचावर उभा राहतो आणि पाहता पाहता लोकांचा लाडका होतो. तो घरी पैसे पाठवतो, भेटी पाठवतो. पण ते घरी पोहोचतच नाहीत. मधल्या मधे घरच्याच नात्यातला माणूस ते गिळतो. इकडे पोराचा जयजयकार चालला आहे आणि तिकडे आई त्याची वाट पाहत डोळे मिटते.

म्हणजे धाटणी तीच, हॉलिवूडच्या नाटक मंडळीच्या गोष्टीची. पण फरक कुठे आहे तो पाहा. तिकडच्या गोष्टीत खेळ यशस्वी झाला, टाळ्या पडल्या, की गोष्ट संपली. आपल्या गोष्टीत टाळ्या पडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. घरी काय चाललं आहे? बहिणीचं काय झालं? आई कशी आहे? आपल्या पडद्यावरचा माणूस एकटा नसतोच कधी. घर त्याच्या पाठीशी बांधलेलं असतं. आपल्या जिल्ह्यातून पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली किती तरी मुलं घरोघरी आहेत. “पोरानं पैसे धाडले का?” हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ‘अलबेला’ ही नुसती नाचगाण्याची गोष्ट कशी वाटेल? हसू आहेच, पण हसण्याच्या तळाशी ही एक कळ आहे. ती नसती तर ही गाणी दोन वर्षांत विरून गेली असती.

आता नाचाकडे या. अ‍ॅस्टेअर नाचताना पाहून आपण म्हणतो, “वा! हे मला जन्मात जमणार नाही.” भगवानदादा नाचताना पाहून आपण म्हणतो, “अरे, हे तर मलाही जमेल!” हीच त्यांची किमया. त्यांचं अंग जड. ते त्यांनी लपवलं नाही. उंच उडी नाही, गिरकी नाही. पाऊल आखूड, कंबर सैल, हात छातीशी, आणि सगळा भार ठेक्यावर. ठेका चुकायचा नाही! पहिलवानाचे पाय ते. आखाड्यात तोल सांभाळायला शिकलेले. शेजारी गीता बाली पाऱ्यासारखी चपळ. ती ज्या चालीवर चार हालचाली करते तिथे हे दोनच करतात आणि नजर मात्र दोघांवरून सारखीच फिरते. ‘शोला जो भडके’ या गाण्यात हवाई बेटांकडचा वेष आहे, वाद्यंही परदेशी धाटणीची आहेत. पण त्या वेषाआड जो नाचतो आहे तो आपला सोंगाड्याच आहे. स्वतःलाच हसणारा आणि म्हणून सगळ्यांचा आवडता. अमिताभ बच्चन यांच्या नाचातही भगवानदादांची सावली आहे, असं पुष्कळदा म्हटलं जातं ते उगीच नाही. आणि याच बोलपटात नाचाच्या दणक्याशेजारी एक अंगाईही आहे, इतकी हळुवार की तान्हं मूल खरोखर झोपी जावं. एकाच माणसाच्या पेटीतून ही दोन्ही टोकं निघाली.

‘अलबेला’ धो धो चालला. त्या वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ यांच्या जोडीनं त्याचं नाव घेतलं जाई. परभणी त्या वेळी हैदराबाद राज्यात होती. रेडिओ एखाद्या वाड्यातच असायचा. मग गाणी गावोगाव गेली कशी? ग्रामोफोनच्या तबकडीवरून आणि ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यावरून. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचंच गाणं मावे, म्हणून चाल अशी घट्ट बांधावी लागे की एकदा ऐकली की डोक्यात बसलीच पाहिजे. आणि तबकडीवरून उतरलेली चाल बँडवाले उचलीत. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ढोल ही मूळ गाण्यातली वाद्यं त्यांच्यापाशी होतीच! चिक चॉकलेटच्या बँडवरून परण्यातल्या बँडकडे ही चाल किती सरळ रस्त्यानं आली, ते यावरून ध्यानात येईल.

इथे एक गोष्ट आकाशवाणीनं स्वतःबद्दलही सांगितली पाहिजे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मोठा अभिमान, आणि या खात्यानं त्या संगीतासाठी तेव्हा जे केलं ते थोरच आहे. पण बोलपटातली गाणी, विशेषतः अशी परदेशी ठेक्याची, त्यांना उथळ वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि सिलोन लावलं! अखेर १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली आणि ही गाणी मानानं घरी परत आली. परभणीचं आपलं केंद्र १९६८ चं, म्हणजे हा वाद मिटल्यानंतरचं. एकाच केंद्रावर सकाळी अभंग, दुपारी शेतीची माहिती आणि संध्याकाळी जुनं चित्रपटगीत, यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. पण एके काळी यासाठीही झगडा झाला होता, हे ठाऊक असावं.

शेवटी भगवानदादांचं काय झालं? ‘अलबेला’नंतर जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी झाल्या. मग दिवस फिरले. ‘झमेला’, ‘लबेला’ असे त्याच वळणाचे बोलपट त्यांनी काढले. पण ती जादू पुन्हा साधली नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. गीता बालीही १९६५ साली देवीच्या आजारानं अकाली गेली. नायक म्हणून नाचलेला हा माणूस पुढे इतरांच्या बोलपटांत घटकाभराच्या भूमिका करीत राहिला, आणि बहुतेक वेळा त्याला एवढंच सांगत: तो तुमचा नाच तेवढा करा. २००२ च्या ४ फेब्रुवारीला दादरच्या राहत्या घरी ते वारले. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर निघाला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले.

तुम्ही म्हणाल, ही तर दुःखाची अखेर झाली. एका अर्थी खरं आहे. हॉलिवूडच्या नर्तकापाठीमागे अख्खी संस्था उभी असे. भगवानदादांच्या मागे त्यांचा स्वतःचाच खिसा होता, आणि तो फाटला तेव्हा शिवायला कोणी नव्हतं. कलावंताच्या म्हातारपणाची सोय लागली पाहिजे, हा धडा त्यातून घ्यायचाच. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडू. बंगला विकला गेला; नाच विकला गेला नाही. तो आधीच लोकांनी वाटून घेतला होता.

पुढच्या वेळी संधी मिळाली तर ‘अलबेला’ पाहा. पाहताना नुसता चेहरा पाहू नका. अ‍ॅस्टेअरच्या हट्टाप्रमाणं डोक्यापासून पायापर्यंत माणूस पाहा. ठेका ऐका आणि त्यात ट्रंपेट कुठं येतं ते हेरा. आणि घरच्या परण्यात ती चाल सुरू झाली, तर कडेला उभं राहून घाम पुसत बसू नका. अंग जड आहे, वय झालं आहे, लोक हसतील, ही कारणं भगवानदादांनी केव्हाच निकालात काढली आहेत. लोक हसतीलच. हसावं म्हणूनच तर तो नाच आहे.